धाकट्याची वाट

बेल दाबून झाल्यावर मास्तर दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. दार उघडायला वेळ लागला. आतून एक कडी निघाली, मग दुसरी निघाली, मग कुलपात किल्ली फिरली. भरदिवसा एवढा बंदोबस्त कशाला, असं त्यांच्या मनात येतंय तोच दार वीतभर उघडलं आणि फटीत वहिनींचा चेहरा दिसला.

ओळख पटायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्या बघत राहिल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या. "रस्ता चुकलात का?"

"नाही, इकडेच आलो." पुढे काय बोलायचं ते मास्तरांनी वाटेत चारदा घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "चर्चकडून आलोय."

आपलंच बोलणं त्यांना दारोदार साबण विकणाऱ्या माणसासारखं वाटलं.

"चर्चकडून," वहिनींनी तेच शब्द परत म्हटले. "म्हणजे भाऊ म्हणून नाही."

मास्तर गप्प राहिले. अशा वेळी गप्प राहायचं, हे त्यांना शिकवलेलंच होतं.

शिकवलं होतं ते नव्या पाळकांनी. चर्चची इमारत मोठी आणि माणसं थोडी, अशी गत झाली होती. रविवारी पुढच्या तीन-चार रांगांत लोक दिसायचे, त्यामागे नुसती मोकळी जागा, आणि पाळक बोलायला लागले की त्यांचाच आवाज मागच्या भिंतीवर आपटून परत यायचा. आधीच्या पाळकांनी यावर प्रवचनं केली होती. न येणाऱ्यांवरचा तो सगळा राग, बिचारे जे येत होते त्यांनीच मुकाट्यानं ऐकून घेतला होता. नवे पाळक वयानं तरुण. पाळक होण्याआधी काही वर्षं त्यांनी भाडेकरूंची संघटना बांधण्यात घालवली होती, आणि बोलण्यात अजून तिथलीच सवय होती. एका रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी दहा-बारा जणांना मागे थांबवून घेतलं.

"आपण घरोघर जायचं," ते म्हणाले. "पत्रकं न्यायची नाहीत. चर्चला या, असं म्हणायचं नाही. उपदेश तर नाहीच नाही. त्या घराला काय सलतंय ते विचारायचं आणि ऐकून घ्यायचं. एका वेळी एक माणूस."

"आणि ऐकून झाल्यावर?" टायपिस्टबाईंनी विचारलं. त्या कोर्टात टायपिंग करून निवृत्त झालेल्या होत्या आणि कुठलंही वाक्य अर्धवट सुटलेलं त्यांना चालायचं नाही.

"मग परत जायचं. पुन्हा ऐकायचं. जे दुखणं पाच घरांत सापडेल ते एका घराचं राहत नाही. तिथून आपलं काम सुरू."

पहिली घरं सोपी गेली. मास्तरांना तर मुळीच जड गेलं नाही. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं शिवणकामाचं दुकान, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. आणि माप घेताना गिऱ्हाईक बोलत असतं, आपण हूं हूं करायचं असतं, याची त्यांना जन्माची सवय. पण मग पाळक म्हणाले, "आता प्रत्येकानं एक असं घर घ्या, जिथं जायला पाय उचलत नाही." त्यावर कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मास्तरांना मात्र वाटलं, सगळे आपल्याकडेच बघतायत.

आणि तसं बघायला कारणही होतं. मास्तर आणि त्यांचा थोरला भाऊ बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते भांडण चर्चमध्येच, सगळ्यांच्या देखत झालं होतं. भांडण तरी कसलं, तोंडातून शब्दही निघाला नव्हता. त्यांचे वडील सुतार. चर्चमधले लाकडी बाक त्यांच्या हातचे. दादानं वडिलांचा रंधा उचलला, धाकट्यानं शिलाई मशीन धरलं. एका वर्षी कमिटीनं ठरवलं की बाक काढायचे आणि खुर्च्या आणायच्या. हात वर करून मतं घेतली, आणि धाकट्याचा हात वर गेला. दादानं मान वळवून तो हात पाहिला, उठला आणि बाहेर गेला तो पुन्हा आला नाही. त्याच्या मागोमाग बरीच घरं गेली. बाकांवर त्यांचा एवढा काही जीव नव्हता, पण दादावर होता. त्या लोकांनी काही काळ कुणाच्या तरी घरी वरच्या खोलीत उपासना चालवली, मग तीही बंद पडली, आणि जो तो आपापल्या घरात बसला.

"आत या," वहिनी शेवटी म्हणाल्या. त्यांनी मास्तरांना आत घेतलं आणि मागे दोन्ही कड्या लावल्या, किल्ली फिरवून ती पदराच्या टोकाला बांधली.

दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. समोर एक साधं टेबल होतं, आणि त्याच्या कडेवरून तो अंगठा फिरवत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलट. दाढी नीट केलेली, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्यानं वर पाहिलं आणि चेहरा एकदम उजळला.

"या, या. बसा ना. उभे का तुम्ही?"

मास्तर खुर्चीच्या कडेवर टेकले. लहानपणी दादा चिडला की असाच अहोजाहो करायचा. मार परवडायचा, पण ते 'तुम्ही' नको व्हायचं.

"बरा आहेस ना, दादा?" ते कसेबसे म्हणाले.

"झकास. काय काम काढलंत?"

"काम नाही. भेटायला आलो. चर्चकडून."

"चर्चकडून? अरे वा!" दादा पुढे सरकून बसला. "मग आमच्या बारक्याला ओळखत असाल. टेलर आहे. हात फार चांगला आहे हो त्याचा. बाबा म्हणायचे, पोरगं लाकडाला भ्यायलं म्हणून कापडाकडे गेलं. तसं काही नाही. त्याला बारीक काम आवडतं."

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं.

"दूध उतू जाईल," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या. दूध काही गॅसवर नव्हतंच.

त्या दिवशी मास्तर तासभर बसले. निघताना वहिनींनी दाराशी उभं राहून खालच्या आवाजात सांगितलं. आधी नुसती नावं जायची. मग दिवस जायला लागले. मग एका पहाटे हा माणूस बाबांच्या कारखान्यात जायचं म्हणून घरातून निघाला. बाबा जाऊन किती वर्षं झाली, कारखान्याच्या जागी आता गाड्या धुतात, आणि हा तिथं उभा राहून धुणाऱ्या पोरांना विचारत होता की माझी पटाशी कुणी नेली. तेव्हापासून कुलूप.

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगायचं? आम्ही बाहेर पडलेली माणसं."

"मला तरी."

"तुम्हाला?" वहिनींनी किल्ली पदरातून सोडवली. "तुमची बायको गेली तेव्हा हे आले होते, भावजी. फाटकापर्यंत. मीही होते बरोबर. आतून कुणी या म्हणेल म्हणून उभे राहिले, गाणी संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, चल."

दादा आला नाही, ही गोष्ट मास्तरांनी इतकी वर्षं जिवापाड जपली होती. राग विझायला आला की तीच बाहेर काढून त्यांनी त्याला हवा दिली होती. आता ती गोष्ट हातातून काढून घेतली गेली आणि हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला. खाली आल्यावरही थोडा वेळ धरूनच होते.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा गेले. या वेळी त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. समोर बसले, दादाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दादा, नीट बघ. मी बारक्या."

दादा खो खो हसला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.

"काय चेष्टा करता राव! बारक्याचे केस काळेभोर आहेत. तुम्ही तर माझ्यापेक्षा म्हातारे दिसता!"

वहिनींनाही हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, खांदे हलत होते. मग त्या तशाच आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

"तो येणार आहे," दादा गंभीर होऊन म्हणाला. "येईलच. रुसलाय जरा."

"कशावरून?"

"बाकांवरून. तुम्ही नवीन दिसता, तुम्हाला माहीत नसेल. बाबांचे बाक काढायचे ठरलं आणि यानं हात वर केला." दादाचा अंगठा टेबलाच्या कडेवर थांबला. "माझं रक्त असं उसळलं म्हणता! उठलो आणि निघालो. पण खरं सांगू का तुम्हाला? कुणाला बोलू नका."

"नाही बोलणार."

"बाक टोचायचेच. बाबांनी पाठ सरळसोट ठेवली होती, माणसानं देवासमोर ताठ बसावं म्हणून. म्हाताऱ्या बायका उशा घेऊन यायच्या. माझीसुद्धा पाठ भरून यायची. बारक्याचं काही चुकलं नव्हतं. पण मी सुताराचा पोरगा, मी कसं म्हणणार?"

मास्तरांनी विचारलं, "मग त्याला सांगितलं का नाही?"

"आला असता तर सांगितलं असतं की. वाट बघतोय." दादानं खिडकीतून खाली पाहिलं. "तुम्हाला दिसला तर पाठवून द्या. म्हणावं, दादा चिडलेला नाही."

"पाठवतो," मास्तर म्हणाले.

महिन्याच्या शेवटी सगळे भेटकरी चर्चच्या मागच्या खोलीत जमले. पाळक एकच प्रश्न विचारत होते, "काय ऐकलंत?" जो तो आपण गेलेल्या घरचं सांगत गेला, आणि सांगता सांगता खोलीतली कुजबुज कमी होत गेली. एका बस कंडक्टरची बायको अंथरुणाला खिळलेली. तो ड्यूटीवर गेला की शेजारीण दुपारी डोकावते, बाकी दिवसभर ती एकटी छताकडे बघते. एका इलेक्ट्रिशियनची आई गॅस चालू ठेवून झोपते. आणि बहुतेकांची घरं सांगून झाल्यावर टायपिस्टबाई चष्मा पुसत म्हणाल्या की मी ज्या घरी गेले तिथलं सांगितलं, पण माझ्याही घरी तेच आहे. माझे मिस्टर मला आई म्हणतात. मी इथे येते तेव्हा त्यांना बाथरूमला नेऊन आणून, खुर्चीत बसवून, दाराला बाहेरून कडी घालून येते.

दर रविवारी शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईकडे सगळे नव्यानं बघायला लागले.

"माणसं देवाला सोडून गेली, असं आपण म्हणत होतो," पाळक हळूच म्हणाले. "त्यांना घर सोडता येत नाहीये."

मग मास्तरांची पाळी आली. मी ज्या गृहस्थांकडे जातो, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि गृहस्थ, गृहस्थ करतच शेवटपर्यंत निभावलं. पाळकांनी त्यांना टोकलं नाही. फक्त विचारलं, "त्यावेळी जी घरं बाहेर पडली, ती आज कुणाचं ऐकतील?"

"वहिनींचं," मास्तर चटकन म्हणाले. "ती माणसं त्या गृहस्थांच्या मागे गेली म्हणतात, पण त्यांना धरून ठेवलं वहिनींनी. कुणाचं बाळंतपण, कुणाचं दुखणंखुपणं, सगळीकडे त्याच."

"मग आपली बैठक त्यांच्याकडे."

वहिनींना घर सोडता येत नव्हतं, म्हणून बैठका त्यांच्या घरी होऊ लागल्या. त्यांनी फोन केले आणि जुनी माणसं येऊ लागली. आधी अवघडून, दाराशी बसून, मग आत सरकून. ज्यांनी एकमेकांना रस्त्यात बघून बाजू बदलली होती ती एका सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसली. घर असं भरलं की दादा अस्वस्थ व्हायचा. तो प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत वहिनींना विचारायचा, "कोण गेलं गं?" कुणी नाही गेलं, असं वहिनी सांगायच्या. "मग एवढी माणसं?" त्याचा काही विश्वास बसायचा नाही. मग तो आलेल्यांची समजूत घालत फिरायचा. कंडक्टरच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "धीर धर. आपण आहोत." ते ऐकून कंडक्टर एकदा उठून गॅलरीत गेला.

या बैठकांतूनच ते ठरलं. चर्चसमोर पालिकेचा जुना दवाखाना होता. तळमजला, रुंद दारं, दोन मोठ्या खोल्या, कैक दिवसांपासून टाळं. तो उघडायचा, दिवसा तिथं एक नर्स द्यायची, आणि ज्यांना घरी एकटं ठेवता येत नाही त्यांना तिथं बसवायचं. पाळीपाळीनं सोबतीला माणसं आपली.

"पाळकसाहेब, तुम्ही जाऊन साहेबांशी बोला," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

"मी बोलणार नाही. मी बोललो तर ते मला चहा पाजतील आणि फाटकापर्यंत सोडायला येतील. ज्याचं दुखणं त्यानं बोलायचं. मी मागे बसेन."

त्यांनी सराव घेतला. पाळक साहेब झाले, टेबलामागे बसून घड्याळाकडे बघू लागले, फोनवर बोलू लागले, आणि लोक हसून हसून बेजार झाले. पण मास्तरांची वेळ आली की सगळं ढिलं पडायचं. "मी ज्या गृहस्थांकडे..." ते सुरू करायचे आणि पाळक फोन ठेवून विचारायचे, "ते तुमचे कोण?"

"तिथं सांगेन," मास्तर म्हणायचे. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून हे ऐकायच्या.

ठरल्या दिवशी आरोग्य खात्याच्या साहेबांच्या खोलीत माणसं मावेनात. व्हरांड्यापर्यंत रांग गेली. वहिनीही आल्या होत्या. दादाला त्या दिवशी इलेक्ट्रिशियनची बायको सांभाळत होती. साहेबांनी एवढ्या गर्दीतून बरोबर पाळकांना हेरलं.

"बोला फादर, काय सेवा करू?"

"मी ऐकायला आलोय, साहेब. बोलणार ही मंडळी."

कंडक्टर बोलला. तिकीट फाडणाऱ्या हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरून बोलला. टायपिस्टबाई बोलल्या, त्यांनी बाहेरच्या कडीचं सांगितलं तेव्हा साहेबांचा शिपाई दारात थबकला. साहेब म्हणाले, मागणी रास्त आहे, आपण जरूर विचार करू.

"विचार कधीपर्यंत होईल?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"लवकरच."

"लवकरच अशी तारीख नसते, साहेब."

मागे कुणीतरी हसलं. साहेबही हसले, पण पेन खाली ठेवलं. मग त्यांची नजर पुढे उभ्या मास्तरांवर गेली.

"आणि आपल्या घरी कोण?"

मास्तरांनी तोंड उघडलं. गृहस्थ हा शब्द अगदी जिभेवर होता.

"माझा दादा," ते म्हणाले.

साहेबांना त्या दोन शब्दांत काय एवढं, हे कळायचं कारण नव्हतं; पण बाकी सगळ्यांना कळलं.

"माझा थोरला भाऊ. मी दर आठवड्याला जातो. तो मला सांगतो की माझ्या धाकट्या भावाची वाट बघतोय. मी समोर बसलेला असतो." मास्तर थांबले. पुढचं वाक्य तयार केलेलं होतं, नर्सविषयीचं, पण ते आलं नाही. "त्याची बायको इतके दिवस त्याला कुलपात ठेवून स्वतःही त्याच कुलपात राहिली. ती इथं उभी आहे. आम्ही एका गावात राहतो, साहेब. मला माहीत नव्हतं."

वहिनी भिंतीला टेकल्या होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, खालीही वळवले नाहीत. जणू काही पहिल्यांदा भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं त्या दिराकडे बघत होत्या.

साहेबांनी तारीख दिली. ती पाळली मात्र नाही. मग हीच सगळी मंडळी पुन्हा गेली, आणि आणखी एकदा गेली, तेव्हा कुठे दवाखान्याचं टाळं निघालं. जळमटं काढायला, भिंती धुवायला दोन्हीकडची माणसं आली. पालिकेनं नर्स दिली ती आठवड्याचे मोजकेच दिवस. पण बायकांनी हट्टानं रविवारची सकाळ त्यात घालून घेतली.

टायपिस्टबाईंच्या मिस्टरांना मात्र तिथं यायला जमलं नाही. दवाखाना उघडायच्या आधीच, एका दुपारी, ते झोपेत गेले. बाई तरीही त्यांची पाळी असली की यायच्या आणि कंडक्टरच्या बायकोचे केस विंचरून द्यायच्या.

दादाला मास्तर स्वतः घेऊन यायचे. हाताला धरून, रस्ता ओलांडताना पुढे उभं राहून. दादा शांतपणे यायचा. मधल्या काळात तो बराच उतरला होता. अंगठा टेबलाच्या कडेवरून फिरायचा थांबला होता. सुरुवातीला मास्तरांच्या लक्षात आलं नाही. मग एके दिवशी जाणवलं की बरेच दिवस झाले, दादानं खिडकीबाहेर पाहिलेलं नाही. तो कुणाची वाट बघत नव्हता.

त्यांना वाटलं होतं, हे एकदा थांबलं की आपल्याला हलकं वाटेल. दर आठवड्याला ते ऐकणं सोपं नव्हतं. पण एवढ्या मोठ्या जगात बारक्याला बारक्या म्हणणारा एकच माणूस उरला होता, आणि त्यानंही आता ते नाव खाली ठेवून दिलं होतं.

तो रविवार होता. समोर चर्चमधून गाण्याचे सूर येत होते, आणि आवाज चांगला भरलेला होता. आता मागच्या रांगांतही माणसं असत. वहिनी तिकडेच होत्या, पुढून दुसऱ्या रांगेत. पाळी कुणा दुसऱ्याची असली तरी मास्तर रविवारी इकडेच बसत. पाळकांनी एकदा विचारलं होतं, मास्तर, तुम्ही उपासनेला दिसत नाही. आणि मग स्वतःच, राहू द्या, म्हणून त्यांचा हात दाबला होता.

मास्तरांनी दादाच्या गळ्याशी रुमाल लावला आणि कपातला चहा चमच्यानं पाजायला घेतला. दोन घोट झाल्यावर त्यांना राहवेना.

"दादा, बारक्या आठवतो का रे?"

दादानं विचार केला. कपाळाला आठी पाडून, पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून मनापासून विचार केला.

"नाही हो," तो म्हणाला. "तुमच्या नात्यातला का कुणी?"

"हो. धाकटा भाऊ."

"असं." दादानं मान हलवली. मग मास्तरांच्या मनगटावर हात ठेवून, आपुलकीनं, हळू आवाजात म्हणाला, "भेटायला जात जा हो त्याला. राहून जातं."

"जातो," मास्तर म्हणाले, आणि चमचा पुन्हा भरला.